कंटाळा आणि जाते

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे, तेव्हा तुम्हीही चार ओळी लिहा, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दुधाचा हिशोब आणि हळदीकुंकवाच्या सामानाची यादी यांपलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. "विषय कोणता घेऊ?" असे विचारले, तर म्हणाल्या, "तुमच्या मनात असेल तो घ्या." आता मनात काय असणार! घरी आले, तो आमचा धाकटा, वय वर्षे तेरा, पलंगावर आडवा पडून छताकडे पाहत होता. वीज गेलेली, मोबाईलचे चार्जिंग संपलेले. मला पाहताच म्हणाला, "आई, बोअर होतंय गं." तासाभरात हेच वाक्य त्याने सात वेळा म्हटले, मी मोजले. आठव्या वेळी मी रागावणार, तोच मनात आले, की बाई, विषय शोधत होतीस ना, हा घे.

कंटाळ्यावरचा लेख म्हटल्यावर वाचणाऱ्या भगिनींना जांभया येतील हे मी जाणून आहे. परंतु हा विषय मी उगाच थट्टेने घेतलेला नाही. माझ्या घरात एक गोष्ट बावीस वर्षे झाकलेली होती आणि ती उघडी झाली ती केवळ कंटाळ्यामुळे. ती पुढे सांगेनच. आधी थोडा इतिहास.

माझी थोरली लेक बी. ए. ला आहे. तिला विचारले, "काय गं, राजांचा इतिहास असतो, लढायांचा असतो, तसा कंटाळ्याचाही कुणी लिहिला आहे का?" ती म्हणाली, "आई, तो तर फार जुना आहे." मग रोज संध्याकाळी मी भाजी निवडत बसे आणि ती आणलेल्या पुस्तकांतले मला मराठीत सांगत जाई. त्यातले मला जे उमगले ते लिहिते.

इसवी सनाच्या चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात ख्रिस्ती साधू एकेकट्याने झोपडीत राहून देवाचे नाव घेत. त्यांच्यात एव्हाग्रिअस नावाचे एक होते. सन ३९९ मध्ये ते वारले. साधूच्या मनाला छळणारी आठ भुते त्यांनी लिहून ठेवली आहेत. खादाडपणा, राग, गर्व वगैरे आपल्याला ठाऊक आहेत. पण सर्वांत जड भूत कोणते, तर दुपारचे! त्याला त्यांच्या भाषेत ‘अकेडिया’ म्हणत. हे भूत सकाळी दहाच्या सुमारास येते आणि दोनपर्यंत मानेवर बसते. सूर्य जागचा हलत नाही. दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू सारखा खिडकीबाहेर पाहतो, जेवणाची वेळ किती दूर आहे याचा अंदाज घेतो, कुणी भेटायला येते आहे का म्हणून वाटेकडे डोळे लावतो. मग त्याला ती झोपडी नकोशी होते, हातातले काम नकोसे होते, घरची माणसे आठवू लागतात. लेकीने हे वाचून दाखवले तेव्हा माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या दाढीवाल्या बाबाला आमच्या वस्तीतली भांडी घासून झाल्यानंतरची दुपार कशी ठाऊक!

त्या भुतावर त्या लोकांनी उपाय कोणता काढला, तर झोपडी सोडून पळायचे नाही, आणि हाताला काम द्यायचे. अँटनी नावाच्या त्यांच्यातल्या थोर साधूची गोष्ट सांगतात. ते एकदा असेच कंटाळून गेले असता त्यांना आपल्यासारखाच एक माणूस दिसला. तो बसून दोर वळत होता, मग उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोर वळी. तो देवदूत होता म्हणतात. दुसरे एक साधू पॉल. त्यांची वस्ती बाजारापासून सात दिवसांच्या वाटेहूनही लांब होती. टोपल्या विकायला नेल्या तर भाडे किमतीपेक्षा जास्त व्हायचे. तरी ते वर्षभर ताडाच्या पानांचे काम रोज नेमाने करीत, गुहा भरून गेली की सगळे जाळून टाकीत आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करीत. आपण म्हणू, काय हा वेडेपणा! मीही म्हटले. मग मला माझ्या आईने चातुर्मासात वळलेल्या लक्षवातींची आठवण झाली. एक लाख वाती मोजून वळायच्या आणि देवापुढे जाळून टाकायच्या. तेव्हा मी गप्प बसले.

इंग्रजीत कंटाळ्याला ‘बोअरडम’ म्हणतात, तो शब्द मात्र अगदी अलीकडचा. चार्ल्स डिकन्स यांची ‘ब्लीक हाउस’ नावाची कादंबरी १८५२-५३ साली निघाली, तिच्यापासून तो पुष्कळांच्या तोंडी बसला. तिच्यात लेडी डेडलॉक नावाची एक श्रीमंत बाई आहे. वाडा आहे, नोकर आहेत, दागिने आहेत, आणि बाई कंटाळ्याने मरायला टेकली आहे. ही कथा ऐकून मला जे वाटले ते असे, की कंटाळा एक नसून दोन आहेत. एक रिकाम्या हातांचा कंटाळा. तो लेडी डेडलॉकबाईंचा, आणि आमच्या धाकट्याचा. दुसरा भरल्या हातांचा कंटाळा. हात एकाच कामात अडकलेले, ते काम तेच ते, त्याला डोके लागत नाही, आणि डोके मोकळे. हा दुसरा कंटाळा आपल्या आज्या-पणज्यांचा, आणि तो जात्यापाशी बसलेला असे.

आजच्या मुलींनी जाते लग्नात हळद दळण्यापुरते पाहिले असेल, म्हणून थोडे सांगते. खालची तळी जमिनीवर स्थिर, वरच्या पेडीला भोक आणि कडेला लाकडी खुंटा. एका हाताने मूठ मूठ दाणे तोंडात घालायचे, दुसऱ्याने खुंटा फिरवायचा. दळण मोठे असेल तर दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला धरीत. दाणे जास्त पडले तर भरड निघते, कमी पडले तर दगडाला दगड घासून पिठात कचकच येते. दगड झिजून गुळगुळीत झाला, की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायची. आठदहा माणसांच्या घरात रोज पहाटे कोंबडा आरवण्याच्या आधी बसावे तेव्हा उजाडेपर्यंत भाकरीपुरते पीठ पडे. हे रोज. सणाला जास्त. अंधारात डोळ्यांना पाहण्यासारखे काही नाही, बोलायला बहुधा कुणी नाही, घरर घरर आवाज एकसारखा. असा कंटाळा जगात दुसरा नसेल. आणि त्यातून काय निघाले, तर ओवी.

ही आजकालची गोष्ट नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमारास केला. महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी १२९० ची धरली, तर तिच्याआधी दीडशेहून अधिक वर्षे मुसळ हातात धरून आपल्या बायका ओव्या म्हणत होत्या, आणि त्याची वार्ता राजाच्या ग्रंथापर्यंत गेली होती. ज्ञानेश्वर महाराजांनी गीता मराठीत आणली तीही ओवीतच. जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करीत; विठ्ठल येऊन त्यांना दळू लागे अशी आपली श्रद्धा आहे. पंढरपूरजवळ गोपाळपुरात जनाबाईंचे जाते दाखवतात. आमची सहल गेली होती तेव्हा पुष्कळ भगिनींनी त्या खुंट्याला हात लावून नमस्कार केला. मीही केला, पण तेव्हा माझे लक्ष चपला गेल्या तर नाहीत ना इकडे होते.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ या दोघांनी गावोगाव बायांच्या शेजारी बसून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. त्या एक लाखाहून जास्त भरल्या! २०१७ पासून त्या लोकांपुढे पुन्हा आल्या आहेत, मोबाईलवरही ऐकता येतात. त्यांत राम-सीता आहेत, पंढरी आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत. आणि माहेर, भाऊ, लेक, सासुरवास तर पोतीच्या पोती. या लाखभर ओव्या रचणाऱ्यांतल्या बहुतेकींना अक्षर येत नव्हते. कुणी त्यांना कवयित्री म्हटले नाही, मानधन दिले नाही, शाल-श्रीफळ दिले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर कुणी म्हणेल, ही बाई आम्हांला पुन्हा जात्यावर बसवायला निघाली. मुळीच नाही. माझ्या सासूबाईंच्या, आत्याबाईंच्या उजव्या तळहाताला घट्टे होते, ते म्हातारपणीही गेले नाहीत. बाळंतपणाचा महिना होतो न होतो तोच त्यांना दळायला बसवले होते. पिठाची गिरणी गावात आली, त्या दिवशी बायांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिले, असे त्या सांगत. मी असते तर ओटी भरली असती. कष्टाला कुणी देव्हाऱ्यात बसवू नये. माझे म्हणणे इतकेच, की गिरणीने दळण नेले ते बरे केले, पण त्या दळणाबरोबर पहाटेचा जो एक मोकळा कोपरा होता तोही गेला, आणि त्याच्या बदली दुसरा कुणी दिला नाही.

शास्त्रज्ञांनीही आता यात लक्ष घातले आहे. इंग्लंडातील सेंट्रल लँकशायर विद्यापीठातल्या सँडी मान आणि रिबेका कॅडमन या दोघींनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना पंधरा मिनिटे टेलिफोनच्या पुस्तकातले नंबर उतरवायला बसवले. मग त्यांना विचारले, थर्माकोलचे दोन पेले आहेत, त्यांचे काय काय करता येईल सांगा. ज्यांनी नंबर उतरवले नव्हते त्यांच्यापेक्षा या कंटाळलेल्या मंडळींना जास्त कल्पना सुचल्या. पुढे आणखी एक गंमत झाली. ज्यांना नंबर नुसते वाचायला लावले, लिहायलाही नाही, त्यांना आणखी चांगले सुचले. आता हे माझ्या भरल्या हातांच्या म्हणण्याच्या थोडे उलटे जाते. पण आहे ते आहे. माझ्या सोयीसाठी मी लपवणार नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी दुसरा प्रयोग छापला. माणसाला रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटे नुसते विचार करीत बसायला सांगितले. जवळ एक बटण, ते दाबले की विजेचा झटका बसतो. तो झटका प्रत्येकाला आधी देऊन पाहिला होता, आणि पैसे देऊन टाळू म्हणणाऱ्यांचीच गणती केली होती. तरीसुद्धा १८ पुरुषांपैकी १२ जणांनी, आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी बटण दाबून स्वतःला झटका दिला! एका गृहस्थाने तर १९० वेळा दिला. त्याला हिशोबातून वगळले आहे. हे आकडे मी आमच्या घरी रात्री जेवताना मोठ्याने सांगितले. "पुरुषांना पंधरा मिनिटे स्वस्थ बसवत नाही," असे म्हटल्यावर हे काही बोलले नाहीत, त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आणि कंटाळा जितका जास्त तितका बरा, असेही नाही हो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात १९५० नंतरच्या काही वर्षांत विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन नुसते पडून राहायला सांगितले होते. डोळ्यांवर धुरकट चष्मा, हातांना मोजे आणि पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांवर एकच घरघर. पैसे चांगले होते, पण दोनतीन दिवसांवर टिकणारे थोडेच. काहींना नसलेली चित्रे दिसू लागली. जाते रिकामे फिरवू नये असे आमची आजी म्हणे, ते यासाठीच असावे. पाळीला दाणे हवेत. मूठभरच, पण हवेत.

तुरुंगातल्या पुरुषांची उदाहरणे तुम्हांला ठाऊकच आहेत. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिले. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. ती मोठी माणसे. त्यांच्याविषयी मी अधिक काय लिहिणार? मला माझ्या आत्याबाईंविषयी लिहायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी आषाढात आत्याबाई मोरीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. वय अठ्ठ्याहत्तर. दवाखान्यात नेले. रक्तातली साखर उतरेना, म्हणून ऑपरेशन पुढे पुढे जाऊ लागले. पायाला वजन लावून त्यांना उताणे निजवले होते. मी रात्रंदिवस जवळ. दुसऱ्याच दिवशी माझा मोबाईल पाण्याच्या बादलीत पडला आणि बंद झाला. नवा घ्यायची ती वेळ नव्हती. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत, आणि वर पंखा. असे सतरा दिवस.

आमचे सासू-सुनेचे भांडण नव्हते. पण फारसे बोलणेही नव्हते. लग्न होऊन आले तेव्हापासून सकाळचे काम, दुपारचे काम, संध्याकाळी मालिका. मालिका संपली की जेवणे. बोलायला वेळ नव्हता असे म्हणत नाही. कंटाळा यायलाच वेळ नव्हता. दवाखान्यात पहिले चार दिवस आम्ही दोघी त्या वाळवंटातल्या साधूसारख्या दाराकडे पाहत होतो. पाचव्या दिवशी पहाटे जाग आली, तर आत्याबाई हळू आवाजात काही म्हणत होत्या. उजवा हात चादरीवर गोल गोल फिरत होता. मला वाटले, वात झाला. जवळ गेले, तर ओव्या!

आत्याबाई मुळशीकडच्या. मी त्यांच्या तोंडून बावीस वर्षांत एकही ओवी ऐकली नव्हती. मी विचारले, "आत्याबाई, मला कधी म्हणून नाही दाखवल्या?" तर म्हणाल्या, "जातं नाय, दळण नाय, वव्या कशा याच्या?" त्या दिवसापासून पहाटे त्या म्हणत आणि मी औषधांच्या कागदांच्या पाठीवर उतरवून घेई. माझे अक्षर गिचमिड, त्यात त्यांचा दात नसलेला उच्चार. एक ओवी तीनतीनदा विचारावी लागे. त्या चिडत, पण पुन्हा म्हणत.

दहाव्या की अकराव्या दिवशी एका ओवीत एका लहान मुलीचे नाव आले. आमच्या घरात त्या नावाचे कुणी नाही. ती ओवी माहेरची नव्हती, देवाची नव्हती. मी विचारले, "ही कोण?" आत्याबाई पंख्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हती एक. सव्वा वरसाची." माझे यजमान तिच्यानंतर तीन वर्षांनी जन्मले. त्यांनाही आपल्याला बहीण होती हे माहीत नव्हते. ताप आला आणि तीन दिवसांत गेली. चौथ्या दिवशी दळायला बसल्या, कारण घरात नऊ माणसे जेवायची होती. "मानसांत रडाया कुठं मिळतंय? जात्याला सांगितलं. जातं कुनाला सांगत न्हाय." आणि गिरणी आली तसे तेही थांबले. मी हिशोब केला, त्या मुलीविषयी त्या पन्नास वर्षांवर कुणाशी बोलल्या नव्हत्या.

बहिणाबाई चौधरी १९५१ साली वारल्या आणि त्यांची गाणी १९५२ साली छापून आली, हे तुम्ही वाचले असेल. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी उतरवून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. घराघरांतल्या ज्यांची कुणी उतरवली नाहीत त्या किती असतील, हे त्या सतरा दिवसांत माझ्या मनात सारखे येई.

पुढे ऑपरेशन झाले, आत्याबाई घरी आल्या, काठी घेऊन अंगणापर्यंत चालू लागल्या. घरी आल्यावर पुन्हा टीव्ही होता, माणसे होती, माझा दुरुस्त झालेला मोबाईल होता. ओव्या जवळजवळ बंद झाल्या. मी मुद्दाम विचारले की "आठवंना" म्हणत. मी मग जिद्दीने दुपारी तीन ते चार टीव्ही आणि मोबाईल दोन्ही बंद ठेवू लागले. पहिले आठ दिवस धाकट्याने घर डोक्यावर घेतले. त्या तासात आत्याबाईंकडून आणखी नऊ ओव्या मिळाल्या. धाकट्याला काय मिळाले म्हणाल, तर बहुतेक दिवशी झोप. त्याने काही रचले-बिचले नाही. एकदा मात्र आजीच्या शेजारी बसून त्याने तिचा घट्टे पडलेला हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि हे कशाने झाले म्हणून विचारले. ते मी ऐकले.

गेल्या माघात आत्याबाई गेल्या. माझ्या वहीत आता एकंदर पन्नास ओव्या आहेत, त्यांतल्या एकोणपन्नास पुऱ्या. पन्नासावी अर्धी आहे. ती म्हणता म्हणता त्यांचा डोळा लागला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुढचे आठवेना. घाटाच्या वाटेने येणारा भाऊ आहे, पावसाची भुरभुर आहे, बहीण उंबऱ्यात उभी आहे, इतके आले आहे. तो घरी पोचला की नाही ते राहिले. अर्धी ओवी छापू नये असे मला वाटते, म्हणून येथे देत नाही. परंतु आपल्यापैकी कुणाच्या आई, सासू, आजी मुळशी-मावळाकडच्या असतील, तर त्यांना विचारावे. मी मंगळवारी दुपारी चार वाजता मंडळात असते, वही पिशवीत असते.